नवा मोडेम चालतो, राउटरही चालतो. मग दोघांचं जमत का नाही?

नवा केबल मोडेम आला. भिंतीतून येणारी केबल त्याला लावली, वीज दिली, दिवे लागले. खात्री करायला लॅपटॉप थेट मोडेमला जोडून पाहिला, तर इंटरनेट झकास. मग लॅपटॉपमधली वायर काढून राउटरमध्ये घातली आणि सगळं ठप्प. राउटर तोच, जो कालपर्यंत जुन्या मोडेमवर बिनतक्रार चालत होता. वायर तीच, जिच्यावर दोन मिनिटांपूर्वी लॅपटॉप चालला. सुट्या सुट्या पाहिल्या तर सगळ्या वस्तू धडधाकट, आणि तरी घरात इंटरनेट नाही.

हा प्रकार सर्रास घडतो, आणि त्यात बिघडलेलं बहुतेक वेळा काहीच नसतं. अडतं ते दोन वस्तूंच्या सांध्यावर. कुठे अडलंय हे सांगणारा एक आकडा राउटरच्या आतच असतो. तो वाचायच्या आधीच लोक टाचणी घेऊन रिसेटचं भोक शोधतात आणि एका अडचणीच्या तीन करून ठेवतात.

## कोण काय काम करतं

मोडेम हा दुभाषा. भिंतीतून येणारी गोल, जाडसर केबल म्हणजे कोअॅक्स. तिच्यातून रेडिओसारखे सिग्नल येतात. पुष्कळ ठिकाणी टीव्हीच्या वाहिन्याही त्याच तारेवरून येत असतात. मोडेम त्या सिग्नलचं भाषांतर करून दुसऱ्या बाजूच्या चौकोनी पोर्टमधून कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत देतो. या भाषांतराचे नियम डॉक्सिस नावाच्या मानकात आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९७ची, ३.१ ही २०१३ची. राउटरला या डॉक्सिसचा गंधही नसतो, तेव्हा ‘मोडेम फार नवा आहे म्हणून जुन्या राउटरला झेपत नाही’ ही शंका इथेच सोडून द्या.

राउटर हा वाटप करणारा. इंटरनेट पुरवणारी कंपनी साधारणपणे घराला एकच पत्ता देते. राउटर तो स्वतःच्या नावावर घेतो आणि घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप यांना आपल्याकडचे खासगी पत्ते वाटतो.

पत्ते दोन प्रकारचे असतात. आयपी पत्ता म्हणजे बसायची जागा. ती बदलू शकते. मॅक पत्ता म्हणजे कारखान्यातच वस्तूवर कोरलेली ओळख. प्रत्येक जोडणीची वेगळी. आयपी पत्ता मागायची आणि द्यायची जी रीत आहे तिला डीएचसीपी म्हणतात. राउटरला दोन तोंडं असतात: बाहेरचं, म्हणजे वॅन, जे मोडेमकडे असतं, आणि घरातलं, म्हणजे लॅन. एवढी शब्दावली पुरे.

## ‘पण वायफायला तर फुल रेंज आहे!’

असणारच. ती रेंज फोन आणि राउटर यांच्यातली आहे. राउटरच्या मागची वायर उपटून टाकली तरी ती फुलच दिसेल. वायफायचं चिन्ह पाहून इंटरनेटबद्दल काहीही ठरवता येत नाही. म्हणून तपासणी चालू आहे तोवर वायफाय बाजूला ठेवा आणि एक लॅपटॉप वायरने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. शंकेची एक जागा कमी झाली.

## ‘पण लॅपटॉप थेट जोडला की चालतं ना?’

गोम इथेच आहे. तुम्ही खात्री करायला लॅपटॉप जोडलात, त्या खात्रीनेच राउटरचा रस्ता अडवला.

मोडेम सुरू होताना कंपनीकडून एक छोटी फाइल उतरवून घेतो. त्यात वेगमर्यादा वगैरे असते, आणि आणखी एक आकडा असतो: या मोडेमच्या मागे किती वस्तूंना थेट बसू द्यायचं. घरगुती जोडणीत तो बहुतेक वेळा एक असतो. मोडेम दारावरच्या रखवालदारासारखा वागतो. पहिली जी वस्तू दिसेल तिचा मॅक पत्ता वहीत लिहितो. एकच ओळ होती, ती भरली. आता लॅपटॉप काढून राउटर लावलात की राउटरचा मॅक पत्ता वहीत नाही, म्हणून त्याची ‘मला पत्ता द्या’ ही हाक मोडेम पुढे जाऊच देत नाही. आणि लॅपटॉप निघून गेला म्हणून रखवालदार नाव खोडत नाही. तासभर वाट पाहिली तरी खोडत नाही. वही कोरी होते ती मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावरच.

म्हणून उलटंही घडतं. राउटर छान चालू असतो, कुणीतरी वेग मोजायला लॅपटॉप थेट मोडेमला लावतं, लॅपटॉपला इंटरनेट मिळत नाही, आणि निष्कर्ष निघतो की मोडेम गेला.

काही नव्या मोडेमना मागे दोन किंवा चार चौकोनी पोर्ट असतात. त्यांना पाहून टीव्ही किंवा कॉम्प्युटर तिथेच लावायचा मोह होतो. लावू नका. मोडेम सुरू होताना टीव्हीने आधी नंबर लावला तर ती एकुलती एक ओळ टीव्हीच्या नावावर जाते आणि राउटर बाहेर उभा राहतो. आज चालतं, उद्या वीज जाऊन आल्यावर चालत नाही, अशा लहरी तक्रारींमागे कधीकधी हेच असतं.

## ‘मी तर दहा वेळा बंद-चालू केलं’

केलं असेल, पण कोणत्या क्रमाने? दोन्ही वस्तू एकाच पट्टीवर लावून पट्टीचं बटण दाबलं तर दोन्ही एकदम उठतात. राउटर अर्ध्या-एक मिनिटात तयार होऊन पत्ता मागतो, तेव्हा मोडेम अजून केबलवर आपली वाहिनी शोधतोय. काही राउटर थोडा वेळ मागून दमतात आणि गप्प बसतात. क्रम असा हवा:

१. राउटर, मोडेम आणि लॅपटॉप तिन्ही बंद करा. मोडेमची वीज भिंतीतून काढा. फोनची सोय असलेल्या काही मोडेममध्ये बॅटरी असते. वीज काढूनही दिवे जळत राहिले तर मोडेम बंद झालेलाच नाही. बॅटरी बाहेर काढा.

२. मोडेमपासून येणारी वायर राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घाला. हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा किंवा बाकीच्यांपासून जरा लांब असतो. घालताना ‘टक’ असा आवाज यायला हवा. खालची प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर वायर वरवर बसलेली दिसते आणि हात लागला की सुटते.

३. एक मिनिट थांबून फक्त मोडेम सुरू करा. ‘ऑनलाइन’चा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होईपर्यंत राउटरला हात लावू नका. दोन ते पाच मिनिटं लागतात. अगदी पहिल्यांदा जोडताना मोडेम नवं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, उतरवून स्वतःच एकदा बंद-चालू होऊ शकतो; अशा वेळी घाबरून वीज काढणं हा खरा धोका.

४. आता राउटर सुरू करा. दोन मिनिटांनी लॅपटॉप.

बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात. मोडेमकडून येणारी वायर राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावलेली सापडणं ही दुसरी नेहमीची गोष्ट. बाहेरून सगळे दिवे लागलेले दिसतात, पण वाटप करणारा मधल्या मधे बाजूला पडलेला असतो.

आणि हो, मोडेम आणि राउटर यांचे अॅडॉप्टर अदलाबदल झालेले नाहीत ना, तेही बघा. दोघांची पिन पुष्कळदा एकसारखी असते. अॅडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा वस्तूवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवा. अँपिअरचा आकडा वस्तूला लागतो तेवढा किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. कमी अँपिअरवर राउटरचे दिवे लागतात, आणि वायफायवर भार पडला की तो गुपचूप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

## वॅनचा पत्ता वाचा

एवढं करूनही इंटरनेट नसेल तर आता अंदाज बांधत बसायचं नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. त्याचा पत्ता राउटरच्या खालच्या लेबलवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. (टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरायचे, देवनागरी आकड्यांनी पान उघडेल याचा भरवसा नाही.) तिथे ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ या नावाखाली वॅनचा आयपी पत्ता दिसेल. डॉक्टर नाडी बघतो तसं या एका आकड्याकडे बघायचं.

रिकामा आहे किंवा ०.०.०.० आहे. राउटरने हाक मारली, कुणी ओ दिली नाही. वर सांगितलेला वहीचा प्रश्न, चुकीचा पोर्ट, तुटकी वायर, किंवा राउटरमधली जोडणीची पद्धत चुकीची. या शेवटच्या कारणाकडे पुढे येतो.

१९२.१६८.१०० ने सुरू होतो. ही खूण ओळखता आली तर पुष्कळ वेळ वाचतो. अनेक केबल मोडेम स्वतः केबलवर जोडले जाईपर्यंत मागच्या वस्तूला तात्पुरता असा पत्ता देऊन ठेवतात. म्हणजे राउटर आणि वायर निर्दोष आहेत. मोडेमच अजून बाहेरच्या जगाशी जोडलेला नाही. दोष भिंतीच्या बाजूला शोधा.

१९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होतो, किंवा १० ने. तुमचा ‘मोडेम’ नुसता मोडेम नाही, त्याच्या पोटात आणखी एक राउटर आहे. (१० ने सुरू होणारे पत्ते काही कंपन्या स्वतःही वाटतात, म्हणून तो दिसला की आधी मोडेमला वायफाय आहे का ते बघायचं. असेल तर पोटात राउटर आहे.)

१००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होतो. कंपनीकडे पुरेसे सार्वजनिक पत्ते नसल्याने एका पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली आहेत. हा बिघाड नाही. नेहमीचं काम चालेल. फक्त घरातला कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून थेट उघडायचा असेल तर अडेल.

यांपैकी काहीच नाही, वेगळाच पत्ता आहे. जोडणी राउटरपर्यंत पोचलेली असावी. एकच खातरजमा करा: हा पत्ता जुन्या जोडणीच्या वेळी कुणी हाताने भरून ठेवलेला तर नाही? भरलेला असेल तर राउटर कुणाला न विचारता तोच धरून बसतो.

लॅपटॉप थेट मोडेमला लावला असताना त्याच्याकडे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याचा अर्थ ०.०.०.० सारखाच. कुणीच पत्ता देत नाही हे पाहून लॅपटॉपने स्वतःच एक घेऊन टाकला आहे. त्याने बाहेर जाता येत नाही.

## ‘राउटर तर जुन्या मोडेमवर नीट चालत होता’

चालत होता, पण जुनी जोडणी टेलिफोनच्या तारेवरची, म्हणजे डीएसएल असेल, तर राउटरला तेव्हाच्या सवयी लागलेल्या आहेत. डीएसएलमध्ये पुष्कळदा राउटरला नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरावं लागतं. त्या पद्धतीचं नाव पीपीपीओई. केबलवर साधारणपणे असं काही नसतं. तिथे मोडेमच्या मॅक पत्त्यावरून कंपनी ओळखते आणि राउटरला नुसता डीएचसीपीने पत्ता मिळतो. राउटर मात्र अजून जुना पासवर्ड घेऊन दार वाजवतोय आणि आत तसं दारच नाही. राउटरच्या इंटरनेट सेटिंगमध्ये जोडणीचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ किंवा ‘ऑटोमॅटिक’ असा करा. त्याच पानावर एमटीयू, म्हणजे एका पुडक्याचा कमाल आकार, १४९२ ठेवलेला असेल तर १५०० करा. तो तसाच राहिला तरी काही मोडत नाही.

दुसरी मागे राहिलेली खूण म्हणजे डीएनएस. आपण नाव टाइप करतो, त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी ही यादी. जुन्या कंपनीचे डीएनएस पत्ते राउटरमध्ये हाताने भरलेले असतील, तर नव्या कंपनीच्या जाळ्यातून आलेल्या विचारणेला ते उत्तर देतीलच असं नाही. ओळखायचं कसं? लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडून ‘पिंग’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे ८.८.८.८ द्या. उत्तर आलं पण वेबसाइट उघडत नाहीत, तर रस्ता मोकळा आहे, फक्त यादी हरवली आहे. डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करा, किंवा ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे सगळ्यांसाठी खुले असलेले डीएनएस पत्ते भरा.

तिसरी: काही राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ अशी सोय असते. राउटर एखाद्या कॉम्प्युटरची ओळख लावून मोडेमसमोर जातो. जुन्या जोडणीसाठी कुणी ती वापरली असेल आणि आता तोच कॉम्प्युटर राउटरमागे बसला असेल, तर सहसा अडत नाही. पण एक कारण कमी करायचं म्हणून ती बंद करा आणि मग मोडेम पुन्हा बंद-चालू करायला विसरू नका, कारण वहीत जुनी ओळख लिहिलेली आहे.

## एका घरात दोन राउटर

कंपनीने दिलेल्या पेटीत मोडेम आणि राउटर दोन्ही असले की त्याला गेटवे म्हणतात. त्याच्यामागे आपला राउटर लावला की वाटप दोनदा होतं. वेबसाइट चालतात, व्हिडिओ चालतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अडतात ते ऑनलाइन खेळ, कार्यालयाच्या काही जोडण्या, बाहेरून उघडायचे कॅमेरे.

मात्र दोन्ही राउटर घरात एकाच गटातले पत्ते वाटत असतील, समजा दोन्हीकडे १९२.१६८.१, तर सगळंच अडतं. गावात एकाच नावाचे दोन रस्ते असावेत आणि पोस्टमनला फक्त नाव माहीत असावं, तशी राउटरची गत होते: हा पत्ता घरातला की बाहेरचा, हे त्याला ठरवता येत नाही. काही राउटर हे ओळखून आपला गट आपणच बदलतात, काही मुकाट्याने बसून राहतात.

उपाय दोन. एक, गेटवे ‘ब्रिज मोड’मध्ये टाकायचा. मग तो नुसता मोडेम होतो आणि राउटरचं काम तुमच्या राउटरकडे जातं. ब्रिज केल्यावर गेटवेचं स्वतःचं वायफाय बहुधा बंद होतं, आणि वर सांगितलेला एका वस्तूचा नियमही लागू होतो, म्हणून क्रमाने बंद-चालू करणं आलंच. दोन, आपल्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ द्यायचा: तो वाटप सोडून देतो आणि फक्त वायफाय पसरवतो. राउटरमध्ये पालकांचे निर्बंध वगैरे खास सोयी वापरत असाल तर पहिला उपाय घ्या. नसाल तर दुसरा कमी कटकटीचा आहे, आणि पुढे कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर ‘तुमच्या राउटरचा दोष असेल’ हे ऐकून घ्यावं लागत नाही.

## मोडेमच जोडला जात नसेल तर

आता भिंतीच्या बाजूला. मोडेम सुरू झाल्यावर आधी वरून येणारा सिग्नल शोधतो, मग स्वतःचा आवाज वर पोचतो का ते बघतो, मग कंपनीकडून फाइल घेऊन नोंदणी पूर्ण करतो. दिवेही त्याच क्रमाने स्थिर होतात. कोणत्या दिव्यावर अडलंय तेच निदान.

येणाऱ्या सिग्नलच्या दिव्यावर अडलं तर कोअॅक्स बघा. टोकाचा नट काढून पाहा: मधली तांब्याच्या रंगाची तार सरळ असावी, कडेच्या बाहेर साधारण ३ मिलिमीटर आलेली. बाहेरच्या जाळीचा एखादा केसासारखा धागा तिला टेकला असेल तर सिग्नल तिथेच मेला. नट हाताने पूर्ण आवळा आणि ११ मिलिमीटरच्या पान्याने जेमतेम पाव फेरा द्या. जास्त जोर केला तर मोडेमच्या आतला सांधा तुटतो.

मग स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन-चार करणारा छोटा डबा. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण ३.५ डेसिबल जातात, म्हणजे सिग्नल निम्म्याहून कमी उरतो. चार तोंडांच्यामध्ये ७, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. तपासताना सगळे स्प्लिटर वगळून भिंतीतली केबल थेट मोडेमला लावा.

जाणाऱ्या सिग्नलच्या दिव्यावर अडलं तर टीव्हीसाठी बसवलेला जुना अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, शोधा. अशा पुष्कळ डब्यांतून सिग्नल फक्त आत येतो. मोडेम ज्या खालच्या पट्टीत बोलतो, साधारण ५ मेगाहर्ट्झपासून ४२ किंवा ६५ पर्यंत, ती पट्टी परतीच्या दिशेला बंदच असते. मोडेमला सगळं ऐकू येतं, त्याचं कुणाला ऐकू जात नाही.

आकडे बघायचे असतील तर लॅपटॉप मोडेमला लावून १९२.१६८.१००.१ उघडा, अनेक मोडेम आपली स्थिती तिथे दाखवतात. येणाऱ्या सिग्नलची पातळी उणे ७ ते अधिक ७ यांमध्ये असली तर उत्तम. मानकाची मर्यादा उणे १५ ते अधिक १५ आहे, पण काठावर चालणारा मोडेम बारीकशा कारणाने घसरतो. सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर ३३ डेसिबलच्या वर हवं. जाणाऱ्या सिग्नलचा आकडा मात्र उलटा वाचायचा. तो मोठा दिसला की लोकांना बरं वाटतं, पण मोठा म्हणजे मोडेम ओरडतोय, कारण पलीकडे नीट ऐकू जात नाही. ३५ ते ४८ ठीक. ५० ओलांडला की मध्येच कुठेतरी सिग्नल गळतोय.

पहिले दोन दिवे स्थिर आणि ‘ऑनलाइन’ मात्र लागत नाही, किंवा कुठलीही वेबसाइट टाकली तरी कंपनीचं नोंदणीचं पानच समोर येतं? मग मोडेमचा मॅक पत्ता तुमच्या खात्यावर चढलेला नाही, किंवा चुकीचा चढला आहे. लेबलवर बहुधा एकाहून जास्त पत्ते छापलेले असतात. ‘सीएम’ किंवा ‘एचएफसी’ असं लिहिलेला हवा. तो १२ चिन्हांचा असतो, आणि त्यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं. ‘ओ’ हे अक्षर त्यात कधीच नसतं. तसं दिसतंय ते शून्य आहे. ८ आणि बी, ० आणि डी यांची गल्लत फोनवर हमखास होते. वापरलेला मोडेम घेतला असेल तर तो आधीच्या माणसाच्या खात्यावरून उतरवला आहे का, हेही विचारा.

## चालतं, पण वेग कुठे आहे?

वेग मोजल्यावर ९४-९५ मेगाबिटवर अडकला, कितीही वेळा मोजला तरी तेवढाच, तर मोडेम आणि राउटर यांच्यातली वायर बदला. या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की दोन्ही वस्तू मुकाट्याने १०० वर येतात, दिवे लागलेले राहतात आणि कुणी तक्रार करत नाही. वायरीच्या अंगावर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असावं. राउटरच जुना असून त्याचा वॅन पोर्ट १०० मेगाबिटचा असेल तर मात्र वायर बदलून काही होणार नाही.

क्वचित असंही होतं की वायर चांगली, पोर्ट चांगले, तरी दोघांचे दिवे लागतात आणि विझतात. वेग किती ठेवायचा यावर त्यांचं एकमत होत नसतं. मध्ये एक साधा नेटवर्क स्विच, म्हणजे अशा वायरी एकमेकींना जोडणारा छोटा डबा, लावून पाहा. तो दोघांशी वेगवेगळं जुळवून घेतो. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो.

## ‘मग सरळ रिसेटच करू का?’

बंद-चालू करणं आणि रिसेट करणं या दोन वेगळ्या गोष्टी. टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबायचं ते बटण राउटरला कारखान्यातून निघाला तसा करून टाकतं: वायफायचं नाव, पासवर्ड, सगळी सेटिंग गेली. गेटवेचा रिसेट केलात तर ब्रिज मोडही जातो आणि दोन राउटरचा घोळ परत उभा राहतो. जुनी पीपीपीओई, हाताने भरलेले पत्ते आणि डीएनएस एकदम पुसायचे असतील तर राउटरचा रिसेट योग्यच आहे. पण आधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि नंतर वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूपाशी जाऊन तो पुन्हा टाकावा लागणार नाही.

## कंपनीला फोन करायचा झालाच तर

‘इंटरनेट बंद आहे’ एवढंच सांगितलं तर पलीकडून ‘एकदा बंद-चालू करून बघा’ हेच येणार. त्याऐवजी चार गोष्टी हाताशी ठेवा: कोणता दिवा अडकला आहे, राउटरवर वॅनचा पत्ता काय दिसतो, मोडेम बंद-चालू करून थेट लावल्यावर लॅपटॉप चालतो का, आणि मोडेमच्या पानावरचे येणारे-जाणारे सिग्नलचे आकडे. जाणारा आकडा ५२ आहे आणि स्प्लिटर काढूनही तेवढाच आहे असं सांगितलंत, तर पलीकडचा माणूस तुमच्या राउटरबद्दल बोलणं बंद करून माणूस कधी पाठवायचा ते विचारेल.

सगळं सुरळीत झाल्यावर मोडेमच्या लेबलचा आणि त्या आकड्यांच्या पानाचा एक फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी आकडा ४२ वरून ५१ वर गेलेला दिसला, तर बिघाड कोणत्या बाजूला आहे ते टाचणी शोधायच्या आधीच कळेल.